डॉक्टर नेहमी उशिराच येतो

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एसटीतून उतरून बाजारपेठेच्या दिशेनं चालू लागलं, की एक पाटी हमखास भेटते: न्यू इंग्लिश स्कूल. इमारत कौलारू, भिंतींना पोपडे, आणि आत इतिहासापासून नागरिकशास्त्रापर्यंत सगळं खणखणीत मराठीत चाललेलं. म्हणजे 'न्यू' नाही, 'इंग्लिश'ही नाही. पाटीवरच्या तीन शब्दांपैकी 'स्कूल' तेवढं खरं. मूळ पाटी पुण्याची. १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं आणि पुढे गावोगावच्या शिक्षणप्रेमींनी ते नाव जसंच्या तसं उचललं. १८८१ मध्ये याच मंडळींनी दोन साप्ताहिकं सुरू केली. 'केसरी' मराठीत आणि 'मराठा' इंग्रजीत. इंग्लिश नावाच्या शाळेत मराठी आणि मराठा नावाच्या पत्रात इंग्रजी, हा घोळ इतका जुना आहे. आजच्या पालकांना उगाच बोल लावू नये.

चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं होतं, हे प्रत्येक वक्तृत्व स्पर्धेत कुणीतरी सांगतंच. वाघीण दोहायची कशी, हे मात्र कुणी सांगत नाही. महाराष्ट्रात बराच काळ या दुधाचा रतीब पाचवीपासून सुरू व्हायचा. २००० सालापासून मराठी शाळांतही तो पहिलीपासून घालायला लागले. मग 'सेमी' आलं: गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकी सगळं मराठीत. त्यामुळे आठवीतला मुलगा 'फोटोसिंथेसिस'ची व्याख्या धडाधड म्हणतो, पण लोकलच्या दारात उभ्या असलेल्या परप्रांतीय माणसाला 'जरा सरकता का' हे इंग्रजीत कसं विचारायचं, ते त्याला कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. तो खांद्यानं ढकलतो. ती भाषा सगळ्यांना कळते.

या दुधाच्या आधीही दूधवाले होतेच. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं, त्यात एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी असायचं. वाचता वाचता डोळा तिरका केला की अर्थ हाताशी. त्यानंतर आली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. आजोबांनी ती वापरली, वडिलांनी वापरली आणि नातवाला रद्दीत सापडली तेव्हा तिच्या समासात तिघांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, अशी घरं महाराष्ट्रात कमी नाहीत. पद्धत सरळ: मराठी वाक्य घ्यायचं, इंग्रजी करायचं, इंग्रजी घ्यायचं, मराठी करायचं. एका वाक्याचा पुढच्या वाक्याशी संबंध असलाच पाहिजे असा आग्रह नाही. या पाठमालेवर वाढलेली पिढी सुरेख इंग्रजी अर्ज लिहायची. बोलायची वेळ आली की मात्र आधी मनात मराठी वाक्य मांडायची, मग कर्ता शोधायची, मग क्रियापद उचलून पुढे आणायची. तोवर समोरचा साहेब जेवायला गेलेला असे.

दुसरा ग्रंथ म्हणजे 'रेन अँड मार्टिन'. यातले रेनसाहेब, पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन, हिंदुस्थानच्या शिक्षण खात्यात मुंबई इलाख्यात नोकरीला होते. व्याकरणाच्या पानोपानी रोखून पाहणारा हा माणूस चष्मिष्ट आणि कोरडा असणार, असं सगळ्या विद्यार्थ्यांना वाटतं. प्रत्यक्षात याच माणसानं १९२४ मध्ये 'बो जेस्ट' ही फ्रेंच फॉरेन लीजनवरची साहसकथा लिहिली. वाळवंट, किल्ला, चोरीला गेलेला नीलमणी, गोळीबार असा सगळा ऐवज तिच्यात आहे आणि हॉलिवूडनं तिच्यावर एकाहून अधिक चित्रपट काढले. एवढी कल्पनाशक्ती असलेल्या गृहस्थाचं नाव भारतात टिकलं ते कर्तरी-कर्मणीच्या स्वाध्यायांवर.

पण साहसाची थोडी सवय इंग्रजी व्याकरणाच्या जगाला लागलेली आहे, असं म्हणायला जागा आहे. कारण हे जग भलतंच धोक्याचं आहे. तिथं एक चोर आहे. पोलीस दिसताक्षणी तो पळतो. 'अ‍ॅज सून अ‍ॅज'नं पळतो, 'नो सूनर'नं पळतो, 'हार्डली' लावलं की पळतो, 'स्केअर्सली' लावलं तरी पळतो. मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी त्याला चार-चार पद्धतींनी पळवलं. पकडला एकानंही नाही. तिथं एक डॉक्टर आहे. तो येण्याआधीच रोगी दगावलेला असतो. पूर्ण भूतकाळ शिकवायचा तर दोन घटना हव्यात, एक आधीची आणि एक नंतरची, आणि आधीची म्हणून मरणच का निवडलं, हे पहिलं उदाहरण देणाऱ्यालाच ठाऊक. या डॉक्टरला एकदाही वेळेवर पोचता आलेलं नाही. स्टेशनवर पोचावं तर गाडी सुटलेली असते, हे त्याच काळातलं दुसरं उदाहरण. बहुधा डॉक्टर त्याच गाडीनं येणार होता.

या अंदाधुंदीत शांतपणे बसलेला एकच इसम आहे, तो म्हणजे राम. तो आंबा खातो. मग आंबा रामाकडून खाल्ला जातो. मराठीच्या तासालाही तो आंबाच खात असतो, त्यामुळे इंग्रजीच्या तासाला त्याला पाहून मुलांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं.

आणि उपपदं. 'ए', 'अ‍ॅन' आणि 'द' यांनी मराठी माणसाला जेवढं छळलं तेवढं इन्कमटॅक्सनंही छळलेलं नाही. मराठीत असलं काही नसतंच. कुत्रा म्हटलं की कुत्रा. कुठला ते ऐकणाऱ्यानं संदर्भावरून ओळखावं. इंग्रजीत मात्र कुत्र्याच्या आधी पाटी लागते आणि पाटी लावायची की नाही हे कुत्रा ओळखीचा आहे की नाही यावर ठरतं. परीक्षेत याची दोन लाडकी उदाहरणं असतात. लिहिताना पहिलं अक्षर व्यंजन, पण उच्चार स्वराचा, म्हणून 'अ‍ॅन' लावायचं: 'अ‍ॅन ऑनेस्ट मॅन' आणि 'अ‍ॅन एमएलए'. प्रामाणिक माणूस आणि आमदार एकाच नियमात बसलेले पाहायला मिळतात ते फक्त या स्वाध्यायात.

मराठी मुलाच्या बुद्धीबद्दल मात्र शंका घेऊ नये. हाच मुलगा तीन वर्षांचा असताना 'तिनं आंबा खाल्ला' आणि 'तिनं पोळी खाल्ली' हा फरक बिनचूक करत होता. खाणारी तीच, पण भूतकाळात क्रियापद आंब्याचं आणि पोळीचं लिंग बघून बदलतं. परदेशी माणसाला हे शिकवायला बसलं की त्याला घाम फुटतो. तीन लिंगं, विभक्त्या, सामान्यरूपं हे सगळं पोरगं शाळेत जायच्या आधी खेळता खेळता पचवतं. एवढंच काय, इंग्रजीतून आलेल्या शब्दांनाही कुणाला न विचारता लिंग देऊन टाकतं. ती बस, तो ट्रक, ते टेबल. फाइलच्या फायली होतात, ऑफिसचं ऑफिसात होतं. यासाठी ना समिती बसली ना शासननिर्णय निघाला. आणि एवढं सगळं लीलया करणारं हेच पोरगं 'ही गोज' म्हणताना तो एक 'झ' विसरतं. दहावीपर्यंत विसरतं, पदवीपर्यंत विसरतं, साहेब झाल्यावर तर विसरायचा हक्कच मिळतो.

इंग्रजी क्रियापदांची रूपं पाठ करण्याचा सोहळा ज्यानं ऐकला नाही, त्यानं मराठी शाळा ऐकलीच नाही. गो, वेंट, गॉन. सी, सॉ, सीन. सगळा वर्ग एका सुरात, पाढ्यांच्या चालीवर. मध्येच 'कट, कट, कट' आलं की आवाज दुपटीनं वाढतो, कारण पाठ करायला काही नसतं. 'पुट, पुट, पुट' म्हणजे तर मधली सुट्टीच. आणि मग 'रीड' येतं. लिहायला तिन्ही रूपं सारखी, म्हणायला वेगळी. तिथं वर्गाचे दोन तट पडतात आणि बाई डस्टर आपटतात.

स्पेलिंगसाठी मराठी मुलांनी स्वतःचंच एक शास्त्र उभं केलेलं आहे. उच्चार इंग्रजांचा इंग्रजांना लखलाभ. स्पेलिंग लक्षात ठेवायचं तर शब्द अक्षरशः वाचायचा. बुधवार म्हणजे 'वेड-नेस-डे'. एकत्र म्हणजे 'टू-गेट-हर'. लेफ्टनंट म्हणजे 'लाय-यू-टेन-अँट', अर्थात खोटं बोल, तू, दहा, मुंगी. सैन्यातला अधिकारी आणि दहा मुंग्या यांचा संबंध काय असं विचारू नये. स्पेलिंग चुकत नाही ना, मग झालं. वहीला तीन रकाने असतात: शब्द, उच्चार, अर्थ. मधला रकाना देवनागरीत. आणि मराठीची एक सोय अशी की 'बॅट' आणि 'बॉल' लिहायला तिनं अर्धचंद्र जवळ केला, त्यामुळे निदान कागदावर तरी कॅट आणि केट वेगवेगळ्या राहतात.

खरी गंमत 'डू अ‍ॅज डायरेक्टेड'ची. हा प्रश्न म्हणजे बोर्डाच्या विद्यार्थ्याचं घरचं मैदान. 'रिमूव्ह टू' असं लिहिलेलं दिसलं रे दिसलं की हात आपोआप चालायला लागतो. चहा 'टू हॉट' आहे, पिता येत नाही. 'टू' काढायचा, 'सो' घालायचा, 'दॅट' लावायचा, 'कॅनॉट' आणायचा, आणि शेवटी 'इट' लिहायला विसरायचं नाही, कारण त्याचा अर्धा गुण मास्तर कापतात. गाईडं आहेत, 'एकवीस अपेक्षित' आहे, गेल्या कित्येक वर्षांच्या प्रश्नपत्रिका आहेत. वाक्य काय म्हणतं हे न वाचताही उत्तर बरोबर येतं. चहा, चहा पिणारा आणि तो का पिता येत नाही, यांपैकी कशातही विद्यार्थ्याला रस नसतो. पुढे हाच विद्यार्थी बंगळुरूला नोकरीला लागतो, कँटीनमध्ये खरोखरच पोळणारा चहा समोर येतो, आणि तो फक्त 'हॉट, हॉट' म्हणून जिभेवर फुंकर मारतो. 'सो' आठवत नाही, 'दॅट' आठवत नाही. कुणी 'रिमूव्ह टू' म्हटलंच नाही, त्याला तो तरी काय करणार?

हे दुखणं पडद्यावर सगळ्यात नेमकं दाखवलं ते २०१२ च्या 'इंग्लिश विंग्लिश'नं. गौरी शिंदे यांच्या या चित्रपटातली शशी गोडबोले पुण्याची, लाडू करून विकणारी. न्यूयॉर्कच्या कॉफीच्या दुकानात ती काउंटरपुढे उभी राहते आणि पलीकडची बाई प्रश्नांचा भडिमार करते. कुठली कॉफी, खायला काय, पाणी साधं की बुडबुड्यांचं. यातलं एकही वाक्य कुठल्या स्वाध्यायात नव्हतं. शशीबाई गांगरतात, मागची रांग वैतागते, आणि थिएटरात बसलेले निम्मे मराठी प्रेक्षक आपापल्या काउंटरच्या आठवणीनं चुळबुळतात. पुढे त्या चार आठवड्यांच्या क्लासला जातात. शिंदे यांना ही गोष्ट सुचली ती पुण्यात लोणच्यांचा व्यवसाय चालवणाऱ्या आपल्या आईवरून.

चार आठवड्यांचा आकडा आपल्याकडच्या क्लासवाल्यांना ओळखीचाच वाटेल. इथंही तीस दिवसांत 'फाडफाड इंग्रजी' येतं. मराठीत इंग्रजी बोलत नाहीत, ते फाडतात किंवा झाडतात, तेव्हा क्लासच्या जाहिरातीला हे क्रियापद शोभूनच दिसतं. त्याआधीच्या पिढीचा क्लास म्हणजे 'रॅपिडेक्स'चं जाडजूड पुस्तक. त्याच्या जाहिरातीत कपिलदेव झळकला आणि घराघरातल्या बेरोजगार मुलांना वाटलं, की कपिलला जमलं तर आपल्याला का नाही? पुस्तक घरी यायचं. पहिल्या चाळीस पानांवर अधोरेखनं, पुढची पानं कोरी करकरीत. महाराष्ट्रातल्या जुन्या 'रॅपिडेक्स'ची ही सर्वमान्य अवस्था आहे.

क्लासचा पहिला दिवस परिचयाचा. प्रत्येकानं उभं राहायचं. पहिला उठतो आणि 'मायसेल्फ' म्हणून सुरुवात करतो. सर सांगतात, 'मायसेल्फ' चूक, 'आय अ‍ॅम' म्हणा. दुसरा उठतो, सरांकडे बघून मान डोलावतो आणि म्हणतो, 'मायसेल्फ'. असे सगळे जण होतात. मग गाव: 'आय अ‍ॅम फ्रॉम सातारा ओन्ली'. मराठीतला 'च' काही केल्या सुटत नाही, तो 'ओन्ली' होऊन परदेशी पोचतो. मग कुटुंब: 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स'. भाऊ असणं ही चालू क्रिया नव्हे असं सर समजावतात, पण ज्यानं दोन थोरल्या भावांच्या हाताखाली बालपण काढलं, त्याला ते पटत नाही. आणि सरांची पाठ वळली की सगळे हुश्श करून मराठीत बोलायला लागतात, कारण एवढा वेळ इंग्रजीत राहिल्यावर श्वास घ्यायला कुठंतरी वर यावंच लागतं.

हल्ली काही आयांनी क्लासचा खर्च वाचवून घरीच वर्ग सुरू केला आहे. 'बेटा, हँड वॉश कर. मिल्क फिनिश कर. रनिंग नको करूस.' नामं इंग्रजी, क्रियापद 'कर'. या पद्धतीत इंग्रजी व्याकरणाचा प्रश्नच उरत नाही, बारा काळांचं काम एकट्या 'कर'वर भागतं. अडचण येते ती गाईपाशी. आई गाय दाखवून 'काऊ बघ, काऊ' म्हणते आणि पोर झाडाकडे बघतं. कारण आजीनं वर्षभर शिकवलेला काऊ काळा असतो, फांदीवर बसतो आणि चिऊच्या घरी पावसात येतो. चार पायांचा, शिंगांचा काऊ त्याला मान्य नसतो. या वादात आजी जिंकते, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

दुसरं टोक सदाशिव पेठेत. स्पर्धा परीक्षेसाठी आलेली, कॉट बेसिसवर राहणारी, मेसचा डबा खाणारी मुलं तिथल्या अभ्यासिकांत बारा-बारा तास बसतात. मराठीसाठी वाळंबे, इंग्रजीसाठी पाल अँड सुरी आणि शब्दसंग्रहासाठी नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी'. पुस्तक १९४९ चं, अमेरिकन, आणि आजही अप्पा बळवंत चौकात ढिगानं मिळतं. लुईससाहेब स्वभावांची नावं शिकवतात. 'मिसअँथ्रोप' म्हणजे माणसांचा तिटकारा असलेला. मुलं शेजारी घरमालकाचं नाव लिहून ठेवतात. 'टॅसिटर्न' म्हणजे अबोल. हे पाठ होतं, आणि इंग्रजीत बोलायची वेळ आली की पाठ करणाराच त्याचं उदाहरण होतो. हा सगळा ऐवज चार पर्यायांतून एक निवडण्यासाठी असतो. गोल काळा केला की शब्दाचं काम संपलं.

मराठी माणसाचं इंग्रजी अडतं ते व्याकरणामुळे नाही. व्याकरण त्याला पुरून उरेल एवढं येतं. ते अडतं हसणाऱ्यांमुळे. जर्मन पर्यटक अजिंठ्याला येऊन मोडकंतोडकं इंग्रजी बोलला, तर त्याला रिक्षावाल्यापासून मार्गदर्शकापर्यंत सगळे मदत करतात, वाक्य पुरं करून देतात, वर कौतुकही करतात. सांगलीचा माणूस मुंबईच्या ऑफिसात 'ही डोन्ट नो' म्हणाला, की शेजारच्या टेबलावर दोघं एकमेकांकडे बघतात. ते दोघं कोल्हापूरचे असतात. इंग्रजांनी कधी कुणाच्या उपपदावर एवढं बारीक लक्ष ठेवलं नाही. उलट आपण बैठक पुढे ढकलण्याच्या शब्दावरून बैठक अलीकडे आणण्याचा 'प्रीपोन' घडवला, तो ऑक्सफर्डच्या शब्दकोशानं मुकाट्यानं आत घेतला. चूक पुरेशा लोकांनी पुरेशा आत्मविश्वासानं केली की ते लोक नोंद करतात. आपण लाल पेन काढतो.

तेव्हा समोरचा इंग्रजीत बोलता बोलता अडखळला, तर त्याचं वाक्य संपेपर्यंत थांबावं, एवढी एक विनंती. तो 'डिड'नंतर 'वेंट' म्हणेल. म्हणू द्यावं. कुठं गेला ते कळलं ना?

परीक्षेला बसणाऱ्यांना ही सवलत नाही. 'नो सूनर'नंतर 'डिड', मग कर्ता, मग क्रियापदाचं पहिलं रूप आणि जोडायला 'दॅन'. 'व्हेन' फक्त 'हार्डली' आणि 'स्केअर्सली'ला. इथं 'व्हेन' लिहिलंत तर चोर पळेल आणि गुणही जाईल.